हवानाचा चिरूट आणि निपाणीचा तज्ज्ञ

ऑफिसच्या पार्टीत माणसाने आजोबांचा विषय काढू नये. मी काढला. लंडनला येऊन सहा वर्षं झाली तरी साहेबांशी बोलायला मला विषय पुरत नाहीत. त्या दिवशी पाऊस बोलून झाला, रखडलेली ट्रेन बोलून झाली, आणि मग जी शांतता पसरली ती सहन न होऊन मी म्हणालो, “माझे आजोबा तंबाखूच्या धंद्यात होते.”

यात खोटं काहीच नाही. आजोबा निपाणीला एका वखारीत दिवाणजी होते. पोती मोजायची, वहीत टिपायची, संध्याकाळी शिंकत घरी यायचं. स्वतः त्यांनी कधी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही. पण साहेबांच्या डोळ्यांपुढे भलतंच काही उभं राहिलं असावं: गवती हॅट, पांढरा घोडा, क्षितिजापर्यंत मळा. “स्वतःचा मळा?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधोमध हलणारी ही आपली मान. तिचा अर्थ ज्याला जो हवा तो घेता येतो, आणि साहेबांनी त्यांना हवा तो घेतला.

पंधरा दिवसांनी निरोप आला. शनिवारी चार वाजता घरी यायचं. १९९८ सालची माँटेक्रिस्टोची, म्हणजे क्युबातल्या चिरुटांची, पेटी उघडायची आहे, आणि ‘तुझ्यासारखं जाणकार नाक’ तिथे हवं आहे.

या जाणकार नाकाचा पूर्वेतिहास असा, की कॉलेजात एकदाच सिगारेट ओढून पाहिली होती, ती फिल्टरच्या बाजूने पेटवून.

“जाऊ नकोस,” बायको म्हणाली.

“साहेब आहेत.”

“मग जा. पण तो स्वेटर घालू नकोस, माझ्या आईनं विणलाय.”

नोव्हेंबर होता. बैठक साहेबांच्या घरात नव्हती, घरामागच्या बागेत होती, कारण साहेबांचे साहेब घरात होते आणि त्यांना पडद्यांना वास लागलेला चालत नव्हता. गॅसची एक शेगडी, चार खुर्च्या, चार घोंगड्या. साहेब, त्यांचे एक मिशाळ मित्र, अमेरिकेहून आलेला मेहुणा आणि मी. प्रत्येकाच्या हातात एक छापील कागद आणि पेन्सिल. कागदावर रकाने: रूप, बांधणी, ओढ, चव, शेवट. एकूण गुण शंभर. दहावीनंतर पोटात तसा गोळा पहिल्यांदाच आला.

साहेबांनी पेटी आधी पालथी केली. बूड बघून घेतल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा रिवाज. बुडाला डागून लिहिलेलं ‘एचो एन कूबा’, म्हणजे क्युबात बनवलं, आणि ‘तोताल्मेंते आ मानो’, म्हणजे पूर्णपणे हाताने. शेजारी शाईचा शिक्का: ओ, ए, एस, यू. नव्वदच्या दशकात हे लोक पेटीवर तारीख सरळ लिहीत नसत. ‘निवेलाकुसो’ असा एक दहा रोमन अक्षरांचा शब्द, त्यातलं पहिलं अक्षर म्हणजे १, दुसरं २, आणि शेवटचं म्हणजे शून्य. त्या हिशेबाने ओ-ए म्हणजे ०६ आणि एस-यू म्हणजे ९८. जून १९९८. आमच्याकडे कापड दुकानदार साडीच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत अशीच अक्षरात लिहून ठेवायचे, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. क्युबाचं सरकार आणि आमचे दुकानदार यांचं हे साम्य मला फार आवडलं. पण साहेब माझ्याकडे अपेक्षेने बघत होते, म्हणून मी पेटी हातात घेऊन नुसतं “हं” केलं.

हे ‘हं’ फार कामाचं निघालं. आखूड काढलं तर संमती, लांबवलं तर शंका, नाकातून काढलं तर व्यासंग. पुढचे दोन तास मी बहुतेक त्याच्यावरच काढले.

माँटेक्रिस्टो नंबर दोन दिसायला ऐटदार असतो, हे मात्र मान्य. लांबी १५६ मिलिमीटर, एक टोक निमुळतं. जाडी ५२. हे ५२ म्हणजे इंचाचे ६४ भाग करायचे आणि त्यातले बावन्न मोजायचे. ज्या माणसाला ही पद्धत सुचली त्याने नक्कीच आधी एक ओढलेला असणार.

पेटवण्याआधी नुसता हुंगायचा. तिघांनी डोळे मिटले. “चामडं,” साहेब म्हणाले. “सीडर,” मेहुणा म्हणाला. (पेटीचं हे स्पॅनिश सीडर खरं तर सीडर नव्हेच. ते झाड कडुनिंबाच्या कुळातलं आहे, म्हणजे जमलेल्यांत माझं नातं त्यातल्या त्यात त्या पेटीशीच होतं.) मिशाळांनी मात्र खूप वेळ घेतला, आणि मग भक्तिभावाने म्हणाले, “गोठा. सुरेख गोठा.”

मला वाटलं, आता साहेब चिडणार. पण साहेबांनी मान डोलवून तो शब्द कागदावर उतरवून घेतला. या मंडळींत गोठ्याचा वास म्हणजे प्रशंसा असते, हे मला तेव्हा कळलं. आणि हा तर माझ्या अभ्यासाचा विषय. मी विचारलं, “गाईचा की म्हशीचा?”

सगळे गप्प झाले. मिशाळांनी चिरूट पुन्हा नाकाशी नेला, नीट हुंगला आणि गंभीरपणे म्हणाले, “गाईचा असावा.”

त्या क्षणापासून माझी खुर्ची शेगडीजवळ गेली.

मग टोक कापणं. गिलोटिन नावाचं एक छोटं यंत्र असतं, त्यात चिरुटाचं डोकं घालायचं. माझा हात थरथरला आणि डोकं तिरकं उडालं. मिशाळांनी ते ‘जुन्या वळणाचं’ कापणं म्हणून गोड मानून घेतलं. पेटवणं त्याहून नाजूक. ज्योत पानाला लावायची नाही, लांब धरायची, आणि चिरूट फिरवत फिरवत कडेकडेने भाजायचा. हे मला चांगलं जमलं. भरताचं वांगं गॅसवर भाजणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकावं लागत नाही. मी तर सवयीने टोचून बघायलाही सुरी शोधत होतो.

“धूर गिळायचा नाही,” साहेब म्हणाले. “छातीत न्यायचा नाही. तोंडात घोळवायचा, आणि थोडासा नाकातून सोडायचा.” म्हणजे तोंडाने घ्यायचा आणि नाकाने सोडायचा, रामदेवबाबांच्या नेमका उलट. मी घेतला, घोळवला, आणि सोडायच्या वेळी अनुलोम-विलोमच्या सवयीने आत ओढला.

खोकला किती वेळ चालला ते मी सांगू शकत नाही. डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ. ओसरल्यावर बघतो तर तिघे आदराने माझ्याकडे पाहत होते. “पूर्ण ताकदीने घेतोस!” मेहुणा म्हणाला. मी म्हटलं, “हं.”

मुरणं हा या सगळ्यातला मुद्दा. तंबाखूची पानं आधी थप्प्या लावून आंबवतात, त्यातून अमोनिया निघतो. चिरूट ताजा असला तर त्यातला उरलेला अमोनिया नाकात जातो. वर्षानुवर्षं थंड, दमट पेटीत ठेवला की तो उडून जातो आणि चवी एकमेकींत मिसळतात. साहेब हे समजावत होते आणि मी मनात म्हणत होतो, लोणचं. आमच्याकडे बरणीला दादरा बांधून माळ्यावर ठेवतात, तुमच्याकडे विमा उतरवून कपाटात. पण लोणचं मुरलं की ते खाऊन संपवतात, त्याला गुण देत बसत नाहीत.

हे सगळं पान येतं क्युबाच्या पश्चिम टोकाच्या व्हुएल्ता आबाहो भागातून. वरचं गुंडाळायचं पान डागाविना गुळगुळीत हवं म्हणून रोपांवर कापडाचा मांडव घालतात. चिरुटाच्या आत पानाच्या तीन तऱ्हा: रोपाच्या खालचं व्होलादो जळायला, मधलं सेको वासाला, आणि शेंड्याचं लिगेरो, ज्याने माणूस आडवा होतो. ते नेमकं मधोमध भरतात, पोळीतल्या पुरणासारखं. मी अजून सारणापर्यंत पोचलो नव्हतो.

मेहुणा मात्र रंगात आला होता. त्याच्या देशात हा माल विकायला बंदी, त्यामुळे तो परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलासारखा आनंदाने ओढत होता. त्याने केनेडींची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९६२. क्युबाशी व्यापारबंदीवर सही करण्याआधी केनेडींनी आपल्या प्रसिद्धी सचिवाला, पिअर सॅलिंजरना, बोलावलं आणि सकाळपर्यंत उपमन नावाचे हजार क्युबन चिरूट जमवायला सांगितले. सकाळी सॅलिंजर बाराशे मिळाल्याचं सांगत आले. मग राष्ट्राध्यक्षांनी खणातून कागद काढून सही केली. गावात दारूबंदीचा ठराव मांडणाऱ्या सरपंचाची आठवण झाली, पण परकी माणसं समोर होती.

मिशाळांनी मग ती जगप्रसिद्ध थाप सोडली, की क्युबातल्या सुंदऱ्या हे मांडीवर वळतात. इथे माझ्याच्याने ‘हं’वर थांबवेना. मी म्हटलं, टेबलावर, लाकडी फळीवर वळतात; मांडीशी संबंध असलाच तर तो विडीचा. सोलापूरला, सिन्नरला, निपाणीला बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात, आणि त्यात सुंदरीपणाचं काही नसतं, पाठ मोडते. आमच्या निपाणीत तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता. बोलता बोलता माझा आवाज चढला. साहेबांनी नम्रपणे विचारलं, “म्हणजे मळेवाल्यांविरुद्ध?”

माझा पांढरा घोडा अजून उभाच होता, हे मी विसरलो होतो. मी म्हटलं, “हं.”

साहेबांनीच सावरून घेतलं. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून एक वाचक बसवायची पद्धत आहे, म्हणाले. कामगार चिरूट वळतात आणि तो उंचावर बसून वर्तमानपत्रं, कादंबऱ्या वाचून दाखवतो. माँटेक्रिस्टो हे नावसुद्धा अशाच एका आवडत्या कादंबरीतल्या सरदाराचं. आजोबांच्या वखारीत फक्त मुकादम वाचायचा, तेही हजेरीपट. त्या धर्तीवर आमच्याकडे विडीचं नाव ‘अर्धा दिवस खाडा’ पडायला हवं होतं.

आणि तेवढ्यात सारण लागलं.

आधी कानामागे घाम आला. नोव्हेंबरात, तीन अंश तापमानात. मग उचकी. मग बाग सावकाश डावीकडे सरकली आणि परत आली नाही. राख दोन इंच झाली होती. ती झाडायची नसते, लांब राख हे चांगल्या बांधणीचं लक्षण. तिने ते लक्षण माझ्या पँटवर दाखवलं. आजोळी या अवस्थेला ‘तंबाखू लागली’ म्हणतात. वखारीत नव्याने आलेल्या पोराला ती लागायची आणि मोठी माणसं हसून गुळाचा खडा द्यायची. पण लंडनच्या उपनगरात, घोंगडी पांघरून, शंभरपैकी गुण देत असताना गूळ कोणाकडे मागायचा?

स्वयंपाकघराचं दार उघडलं. साहेबांच्या पत्नी बाहेर आल्या, माझ्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं, आत गेल्या, आणि साखरेचे चार चौकोनी खडे माझ्या तळहातावर ठेवून हळूच म्हणाल्या, “खा. आणि बोलू नकोस.” त्या बागेत तज्ज्ञ असं जर कोणी त्या दिवशी आलं असेल, तर त्याच.

शेवटचा एक तृतीयांश भाग सर्वांत मोलाचा असतो म्हणे. मिशाळांना त्यात कॉफी, कोको आणि ‘ओलसर वाचनालय’ लागलं. मी साखर चघळत एक झुरका घेतला, यावेळी बरोबर नाकातून सोडला, आणि पेन्सिल हातातच राहिली. आजी. पत्र्याचा डबा, चुलीवर तवा, तव्यावर काळी पडत चाललेली तंबाखू. दुपारी ती मशेरी भाजायला बसली की अख्खी आळी खोकायची, आणि आजोबा वही घेऊन ओट्यावर जायचे. चोवीस वर्षं मुरवलेल्या, एका देशाने बंदी घातलेल्या, राष्ट्राध्यक्षांनी रात्रीत जमवलेल्या त्या चिजेचा शेवट आमच्या आजीच्या दातवणात होत होता. चवीच्या रकान्यात मी लिहिलं: मशेरी. बाकी रकान्यांत जे सुचले ते आकडे टाकले.

निकाल वाचला गेला. साहेब ९४, मेहुणा ९६, मिशाळ ९३. मी ७३. आमच्या वेळी त्र्याहत्तरला पेढे वाटायचे. पण या परीक्षेत पंच्याऐंशीच्या खाली कोणी उतरतच नाही म्हणे. साहेबांचा चेहरा पडला. मग मिशाळ हळूच म्हणाले, “हा खरा कठोर परीक्षक.” आणि साहेबांनी बक्षीस म्हणून पेटीतला एक चिरूट माझ्या हाती ठेवला. “ओढू नकोस. अजून दहा वर्षं मुरू दे.”

तेव्हापासून आम्ही तो सांभाळतो आहोत. त्याला हवेत पासष्ट टक्के दमटपणा लागतो, सतरा अंशांच्या आसपास थंडी लागते, आणि इतर कसलाही वास चालत नाही. दोन खोल्यांच्या मराठी घरात वास नसलेली जागा शोधून बघा. शेवटी तो पुरणयंत्राच्या रिकाम्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर गेला. सोमवारी ऑफिसात साहेब त्याची तब्येत विचारतात. माझी विचारत नाहीत.

त्यातच कुठेतरी वाचलं की तंबाखूत एक बारीक तपकिरी किडा असतो. त्याची अंडी पानात निजून राहतात आणि ऊब मिळाली की उठतात. हाच किडा मिरची, धणे, हळदही खातो. हे मी बायकोला सांगायला नको होतं. तिने त्याच रात्री मसाल्याचे सगळे डबे गच्च बांधले आणि चिरूट तीन दिवस फ्रीझरमध्ये मटारांवर झोपवला.

काल सकाळी फोडणी करताना तिने हाक मारली. हळदीच्या डब्यात किडा होता. हळद तिच्या माहेरची, सांगलीची, तिच्या आईनं दळून पाठवलेली.

“तुझ्या त्या हवानाचा आहे,” ती म्हणाली.

मी पुरणयंत्राचा डबा उघडून चिरूट उजेडात धरला. पानाला एकही भोक नव्हतं. मी डबा परत लावला, किड्याकडे बघितलं, आणि म्हटलं, “हं.”