'किती पैसे घेतले?' असं विचारणाऱ्या मांद्र्याच्या वाचकाला

नमस्कार.

तोंड अचानक वाकडं झालं, म्हणजे बेल्स पाल्सी झाली, तर ७२ तासांच्या आत स्टेरॉइड सुरू व्हायला हवं, असं मी गेल्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं : दहातले सात जण औषधाविना बरे होतात, मधुमेह्यांना हे घातक आहे, तुमच्या आजीचं तोंड तेल चोळून सरळ झालं. आणि शेवटी, 'बाई, कंपनीकडून किती पैसे घेतले?'

मधुमेहाचं मान्य. प्रेडनिसोलोनने, म्हणजे या स्टेरॉइडच्या गोळीने, साखर चढते, तेव्हा डॉक्टरांना आधी सांगावं आणि साखर तपासत राहावं, हे लेखात राहून गेलं होतं. आज घातलं.

पण ते शेवटचं वाक्य? फोंड्यात एकतीस वर्षं मुलं मला 'बाई' म्हणत आली. त्या शब्दामागचा सूर मला ओळखता येतो. शिकवणीचा एक पैसा कधी घेतला नाही, आणि आता गोळ्यांसाठी घेईन? कोणत्या कंपनीकडून, तेही सांगा. प्रेडनिसोलोन कित्येक दशकं जुनं, स्वस्त औषध आहे, ते ढीगभर कंपन्या बनवतात. मी ज्या चाचणीचा आधार घेतला ती स्कॉटलंडमधली, २००७ साली प्रसिद्ध झालेली, सरकारी पैशांतून केलेली. रोग्यांना दिवसातून दोनदा २५ मिलिग्रॅम, दहा दिवस. नऊ महिन्यांनी ही गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे ९४ टक्के पूर्ण बरे, न घेतलेल्यांपैकी ८२. त्याच चाचणीत असायक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाचा काही फायदा दिसला नाही, हेही मी लेखात लिहिलं होतं. जाहिरात करणारा हे कशाला लिहील? तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला नाहीत, असंच मला वाटतं.

आता माझं ऐका. २०१४ची चतुर्थी. आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास, बांधून झाली, पेज प्यायला बसले तर ती डाव्या कोपऱ्यातून गळायला लागली. डोळा मिटेना. घरचे म्हणाले, वारा लागला. चोळून घ्यायला नेलं, वर दृष्टही काढली. गणपती पोचवून डॉक्टरांकडे गेले तेव्हा सहावा दिवस होता. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोळातून जाते, सुजली की तिथेच आवळते. सूज लवकर उतरावी म्हणून तर स्टेरॉइड. आजही घास चावताना माझा डावा डोळा आपोआप मिटतो. लवकर गेले असते तर हे नक्की टळलं असतं, असं मी म्हणत नाही. पण ते सहा दिवस मला परत मिळणार नाहीत.

तुमच्या आजी त्या सातांतल्या, मी उरलेल्या तिघांतली. आपण कुठल्या बाजूला पडणार, हे पहिल्या दिवशी कुणाला कळतं?

आणि तोंड वाकडं, पण त्याच बाजूच्या कपाळाला आठ्या पडत असतील, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेव्हा तडक बांबोळीला, सरकारी इस्पितळात.

तुमची पुढची प्रतिक्रियाही छापीन. माझ्या पैशांबद्दल त्यात एक शब्द आला, तर मात्र नाही.