नवीन एचओडींसाठी मेरिट सांभाळायच्या टिप्स

एचओडी झालात, अभिनंदन! आता कोणीतरी खवचटपणे विचारणारच की सर, तुमच्या फॅकल्टीत बायका इतक्या कमी का, आणि एससी-एसटी प्रोफेसर तर दुर्बीण लावूनही दिसत नाहीत ते कसं काय. घाबरायचं नाही. "आम्ही फक्त मेरिट बघतो," एवढं म्हणायचं आणि चहा मागवायचा.

मेरिट कसं बघायचं ते थोरामोठ्यांकडून शिका. 1933 साली कमला भागवत (हो, दुर्गाबाईंची बहीण, पुढच्या कमला सोहोनी) मुंबई विद्यापीठात पहिली येऊन बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेली तर तिथले डायरेक्टर सी. व्ही. रामननी सरळ नाही म्हटलं, का तर मुलगी. ती हटूनच बसली तेव्हा घेतलं, पण अटी घालून: एक वर्ष प्रोबेशन, काम सरांना पसंत पडलं तरच मान्यता, आणि लॅबमधल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. म्हणजे लक्ष मुलांचं, जबाबदारी तिची, याला म्हणतात अ‍ॅडमिनिस्ट्रेशन! ती पुढे केंब्रिजची पीएचडी घेऊन आली, ते नवीन मुलींना सांगत बसू नका. अ‍ॅना मणींनी (पुढच्या हवामानशास्त्रज्ञ) रामन यांच्याच लॅबमध्ये हिऱ्या-माणकांवर काम करून प्रबंधसुद्धा दिला, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी काही दिली नाही. कागद पाहिजे हो कागद.

इंटरव्ह्यूत मुलाला रिसर्च विचारा, मुलीला "मिस्टर कुठे असतात?" हे विचारा. मुलं लहान असतील तर सुट्ट्या घेणार, नसतील तर आता होतील, आणि लग्नच झालं नसेल तर मग बोलायलाच नको.

राखीव जागांचं जरा टेन्शन आहे, 2019 पासून केंद्राच्या संस्थांत प्राध्यापकांच्या आरक्षणाला कायदाच झालाय. पण कायद्यात जाहिरात काढा म्हटलंय ना, मग काढा की! उमेदवार बोलवा, वीस मिनिटं बसवा आणि शेऱ्यात लिहा "योग्य उमेदवार मिळाला नाही". पुढच्या वर्षी तीच जाहिरात, फक्त तारीख बदलायची. हॉस्टेलमधली पोरं पहिल्याच दिवशी एकमेकांची जेईई रँक विचारून जात काढतात, तिकडे तुम्ही काही करायची गरजच नाही. आयआयटीत 2018 पासून मुलींसाठी जादा सीटा काढल्या, मुलांची एकही कमी केली नाही, तरी "आमच्या सीटा खाल्ल्या" हे चालूच ठेवा, कोण कशाला चेक करतंय.

बाकी 8 मार्चला रांगोळी, गुलाब आणि डायरेक्टर सरांचं "स्त्रीशक्ती"वर भाषण. डिपार्टमेंटात ज्या कोण मॅडम असतील त्यांना सूत्रसंचालन द्या, फोटोत मधोमध उभं करा, तोच फोटो ब्रोशरच्या कव्हरवर टाका. सिलेक्शन कमिटीवर मात्र नका घेऊ, आधीच बिचाऱ्यांना घरचं किती असतं.