अलमट्टीवर खापर फोडण्याआधी जरा आयर्विन पुलावर या

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी पस्तीस फुटांकडं सरकलं की सांगलीत दोन गोष्टी हमखास सुरू होतात. कर्नाळ रोड, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटातली माणसं गॅसची टाकी माळ्यावर चढवायला लागतात आणि बाकीचे तोच तो मेसेज पुढं ढकलायला लागतात. मला परवा तो चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : ‘अलमट्टी व्हायच्या आधी सांगलीला महापूर माहीत नव्हता. कर्नाटक धरण भरून ठेवतं, पाणी मागं फुगतं आणि आपण बुडतो. अलमट्टीचे दरवाजे उघडा, कोयना पावसाळ्यात रिकामं ठेवा, कृष्णेचा गाळ काढून पात्र सरळ करा आणि शहराला भिंत घाला. पूर कायमचा जाईल. फक्त इच्छाशक्ती हवी!!’

इच्छाशक्तीबद्दल माझी काही तक्रार नाही. बाकीच्याबद्दल आहे.

पूर माहीत नव्हता, इथपासूनच सुरू करू. आयर्विन पूल १९२९ सालचा. खाली कर्नाटकात कृष्णेवरच असलेल्या अलमट्टी धरणात पाणी अडायला त्यानंतर सत्तर वर्षं लागली. उन्हाळ्यात पुलावरून खाली बघा, पाणी कुठल्या कुठं तळाशी दिसतं. उन्हाळ्यातली नदी ओलांडायला कुणी एवढा उंच पूल बांधत नाही. बांधणाऱ्यांनी ही नदी पावसाळ्यात बघितली होती.

पण त्याहून पक्का पुरावा पायाखाली आहे. हरिपूरला हळदीची पेवं होती, जुन्या माणसांना आठवत असतील. वीस फुटांच्या पुढं खोल खड्डे, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत कोरडी घट्ट माती. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची. व्यापारी पेवाच्या भरवशावर भाव यायची वाट बघायचे. आता जरा विचार करा : आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. थोडं लांब कवठेमहांकाळ, जतकडं गेलात तर चार फावडी मारली की मुरूम लागतो. मग हरिपुरात वीस-वीस फूट नुसती माती आली कुठून? महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरउतारांवरची माती कृष्णा, कोयना, वारणेनं हजारो वर्षं खाली वाहून आणली आणि पात्राबाहेर पडलेलं पाणी संथ झालं की ती थरावर थर बसत गेली. पात्रातल्या पात्रात वाहणारी नदी काठावर अशी माती टाकत नाही. ऊस, हळद, भाजीपाला ज्या मळीच्या रानांत पिकतो ती मळी म्हणजेच जुन्या पुरांची जमाखर्चाची वही. (त्याच हरिपुरातल्या पेवांत २००५ साली पुराचं पाणी शिरलं. नदी दिलेलं बघायला परत येते, म्हणा हवं तर.)

आता अलमट्टी. धरणाची आजची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर. सांगलीची जमीन ५४० मीटरच्या वर. नदीच्या वाटेनं मधलं अंतर दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त, आणि मध्ये हिप्परगीचा बंधारा. साठलेलं पाणी आडव्या रेघेत मागं येतं असं धरलं तर ते सांगलीच्या खूप अलीकडं थांबतं. यावर मेसेजवाले म्हणतील, नदी वाहती असताना फुगवट्याची रेघ आडवी नसते, मागं चढत जाते. बरोबर आहे, आणि हा त्यांचा खरा मुद्दा आहे. पण ती चढण जितकं मागं जाल तितकी विरत जाते. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनंही त्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. त्या ऑगस्टमध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकच्या (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) वर विसर्ग चालू होता, म्हणजे दरवाजे उघडेच होते, आणि तरी आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर. इशारा पातळी ४० फूट, धोका ४५.

एक साधी गोष्ट घरबसल्या तपासता येते. पूर येतो तेव्हा आकडे कुठल्या क्रमानं चढतात ते बघा. आधी कराड, मग बहे, मग भिलवडी, मग आयर्विन. वरून खाली. पाणी अलमट्टीनं मागं ढकललेलं असतं तर आधी राजापूर बंधारा, मग शिरोळ, मग आपण आणि भिलवडी सगळ्यात शेवटी, असं दिसायला हवं होतं.

फुगवटा असतो, पण तो जवळचा. आपल्या खालच्या अंगाला हरिपुरात वारणा मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही नद्यांची उगमं त्याच सह्याद्रीत, एकाच पावसात भिजणारी. तिन्ही एकदम भरून आल्या की एकमेकींना वाट देत नाहीत. त्यात नदी वर उतारावरून पळत येते आणि इथं सपाटीला लागते. त्यात पुलांच्या दोन्ही बाजूंना मळीतून टाकलेले उंच भराव. मैलभर पसरणारं पाणी चार गाळ्यांतून काढायचं म्हटल्यावर ते मागं तुंबणारच. त्याला कर्नाटक लागत नाही.

म्हणून अलमट्टीबद्दल काहीच बोलू नये असं नाही. उंची ५२४.२५६ मीटर करायला कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० साली मुभा दिली. धरणाच्या शेपटीला साठणाऱ्या गाळाचं पुढं काय होणार, हे विचारलंच पाहिजे आणि जुलै-ऑगस्टात पातळी खाली ठेवा म्हणून दोन्ही राज्यांनी रोज बोललंही पाहिजे. पण २०१९ ला आपल्या घरात शिरलेलं पाणी विजापूरकडून आलं नव्हतं.

मग कोयना रिकामं ठेवा. कोयना १०५.२५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). एक लाख क्युसेकनं पाणी दिवसभर वाहिलं की ८.६४ टीएमसी होतात, हा आकडा पाठच करून ठेवा, टीव्हीवरच्या अर्ध्या बातम्या त्यानं कळतात. समजा एक ऑगस्टला धरणात पंचवीस टीएमसी जागा मोकळी ठेवली. दोन लाखांनी आवक झाली तर ती जागा दीड दिवसात भरते. हा दीड दिवस फार मोलाचा आहे, तो मिळवायलाच हवा. दरवाजे कधी किती उचलायचे याचं वेळापत्रक पाऊस बघून आखायला हवं, यात वादच नाही. पण पूर ‘कायमचा जाईल’ तो यानं नव्हे. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडला. त्यातला धरणांच्या वर पडलेला तेवढा अडला. धरणांच्या खाली, पाटण-कराड-शिराळ्याच्या ओढ्यानाल्यांवर कोसळलेल्या पावसाला दरवाजाच नव्हता. तो थेट नदीत आला आणि आयर्विन ५५ फुटांच्या आसपास गेलं.

शिवाय कोयना रिकामं ठेवलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर? दुष्काळी भागाला पाणी देणाऱ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पंप याच नदीतून पाणी उचलतात. गावभागात पंपानं तळघर उपसत असताना जतवाल्याचा फोन येतो, ‘आमच्याकडं कधी सोडणार?’ एकाच जिल्ह्यात हे दोन्ही.

‘मग कोयनेचं पाणी तिकडं कोकणात सोडा’ असं या मेसेजखाली कुणीतरी लिहिलेलं असतंच. विजेसाठी ते वर्षभर जातंच तिकडं. आणि २२ जुलै २०२१ ला त्याच वाटेवरचं चिपळूण कुठं होतं? पाण्याखाली.

गाळाचं मात्र जरा सविस्तर, कारण ही कल्पना मलाही एके काळी पटलेली होती. शंभर किलोमीटर नदी घ्या, रुंदी दीडशे मीटर धरा, तळ सरसकट दोन मीटर खोल करा. तीन कोटी घनमीटर माती निघते. डंपरला दहा घनमीटर धरले तरी तीस लाख खेपा. आणि एवढं करून जागा किती झाली? एक टीएमसीला चिमूटभर वर. दोन लाख क्युसेकचा पूर ती जागा दीड तासात भरतो. दीड तास! तेही, ती जागा पुरापर्यंत रिकामी राहिली तर. राहत नाही. ठिकठिकाणी बंधारे आहेत, खणलेला डोह पहिल्या पावसातच भरून बसतो.

तळ खोल केल्यावर पाणी जास्त जोरानं निघून जाईल, असंही म्हणतात. उतार असेल तर जाईल. इथं उतारच थोडा, आणि खाली वारणा-पंचगंगा दार अडवून उभ्या. भरावांखाली काही ठिकाणी गाळ आणि राडारोडा साठलेला असतो, तो काढा की, कोण नको म्हणतंय? पण ‘पात्र भरून आलंय’ हे सगळीकडं खरं नाही. वाळू तर आपण कधीच उपसून नेली. त्यानं पूर कमी झाला नाही, काठ मात्र ढासळायला लागले.

पात्र सरळ करायचं म्हणणाऱ्यांनी एकदा डिग्रजच्या बाजूला एखाद्या वळणावर जाऊन उभं राहावं. बाहेरच्या अंगाला काठ कातरून उभा असतो, वर कडेचा ऊस अर्धा लोंबकळत. समोरच्या आतल्या अंगाला उतरती पुळण, दरवर्षी हातभर पुढं आलेली. इकडचा शेतकरी म्हणतो नदीनं माझं रान खाल्लं, तिकडचा काही बोलत नाही, गुपचूप गवत कापतो. सपाटीवर नदी अशीच चालते, नागमोडी, आपला जोर वळणावळणांत जिरवत. वळण कापून वाट आखूड केली तर तो जोर जाणार कुठं? वरच्या अंगाला तळ आणि काठ उकरत जाईल आणि खालच्या गावांवर पाणी जास्त वेगानं, एकदम जाऊन आदळेल. आपला पूर वाडीला पाठवायचा, एवढाच त्याचा अर्थ. वाडीचे दत्तगुरू तसेही दरवर्षी पाण्यात बसतातच, म्हणून चालवून घ्यायचं का?

राहिली भिंत. भिंत घातली की समोर सांगलीवाडीत पाणी चढेल, हा पहिला मुद्दा. सांगलीवाडीकर पूल ओलांडून ऐकवायला येतील, तो त्यांच्यावर सोडतो. दुसरा मुद्दा माझ्या घरातला.

आमच्या जोत्याच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात खालची २००५, मधली २०२१, वरची २०१९. वरची मी स्वतः कोळशानं मारली, पाणी उतरल्यावर, भिंत ओली असताना, म्हणून ती जरा फराटल्यासारखी दिसते. २०१९ ला आम्ही रात्री समोरच्या दारात पोती रचून, फटींत गोणपाट कोंबून पहारा देत बसलो होतो. गल्ली अजून कोरडी होती. अडीचच्या सुमाराला आई आतून ओरडली. पाणी मोरीतून आलं होतं. आधी नुसते बुडबुडे, मग काळं पाणी, मग तांब्या तरंगत बाहेर. दारातली पोती तशीच, कोरडी.

शहराचं सांडपाणी ज्या नाल्या-गटारांतून नदीकडं जातं त्यांतूनच नदी उलटी आत येते. शेरीनाला हे त्याचं सगळ्यात मोठं दार. भिंत बांधली तर नाल्यांच्या तोंडाला झडपा हव्यात. झडपा लावल्या की शहरावर पडलेला पाऊस आतच कोंडला जाणार, तो उपसून पलीकडं टाकायला मोठे पंप हवेत आणि ऐन पुरात त्या पंपांना वीज हवी. जिथं पूर्वी हे पाणी थांबायचं त्या सखल जागा, ओत, नाल्यांचे काठ भरून आपण प्लॉट पाडलेत. नकाशावर निळी रेषा आहे, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तांबडी आहे, शंभर वर्षांच्या पुराची. २००५ पासून सोळा वर्षांत तीन महापूर बघितले, आणि त्या रेषांच्या आतल्या प्लॉटची ‘नदीचा व्ह्यू’ म्हणून जाहिरातही बघितली. मेसेजमध्ये याबद्दल एक ओळ नाही. असणार कशी, तो पाठवणाऱ्यांतल्या दोघांचे प्लॉट मला माहीत आहेत.

यंदा मोरीच्या तोंडाला बसेल असा लाकडी गट्टू सुताराकडून करून घेतलाय, वर ठेवायला पाटा आहेच. पाटा पुरेल का, यावर घरात अजून एकमत नाही.