‘फुकटचा कायच वापरूचा नाय’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात आमच्या देवगडात एक मेसेज इतका फिरला की दुकानात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक फोन पुढे करून तोच दाखवत होतं. वर लाल दिव्यांची रांग, ‘वेळीच जागे व्हा’, आणि खाली सात मुद्दे. जे फुकट मिळतं तिथे तुम्हीच विकले जाता. पीडीएफ जोडायच्या, फोटो लहान करायच्या साइट तुमची कागदपत्रं चोरतात. मराठी टायपिंगला विकतचंच सॉफ्टवेअर लागतं. फुकटच्या ऑफिसमधली फाइल कचेरीत घेत नाहीत. ऑनलाइन सातबारा म्हणजे रद्दी. हवामानाच्या साइट अंदाजपंचे. आणि कुलपाचं चिन्ह दिसेल तीच साइट खरी. सगळ्यात शेवटी एक फोन नंबर: ‘सर्व ओरिजिनल सॉफ्टवेअर एकाच पेन ड्राइव्हमध्ये, फक्त ७९९ रुपये’.

बंदरावरचे एक काका तर काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, “बाबू, फुकटचा कायच वापरूचा नाय म्हणतत. मगे माझो सातबारो तू खंयसून काढतंस?”

माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. माझं पोट बरंचसं या फुकट साधनांवरच चालतं, म्हणजे मी काही तटस्थ माणूस नाही. ते धरूनच पुढचं वाचा.

पहिला मुद्दा, ‘तुम्हीच विकले जाता’. हे वाक्य कानाला गोड लागतं आणि काही ठिकाणी शंभर टक्के खरंही आहे. अवास्ट हा नावाजलेला अँटिव्हायरस, लाखो लोकांनी फुकट म्हणून घातलेला. लोक नेटवर काय बघतात याची माहिती त्यांच्याच एका कंपनीमार्फत विकली जात होती. २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर ती कंपनी बंद केली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलरचा दणका दिला. तेव्हा भीती उगाच नाही.

पण ‘फुकट’ हा एकच माल नसतो. बिल कोण भरतं ते बघायचं. विकिपीडिया देणग्यांवर चालतो. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आजवर तो वाचायला कोणाला पैसे पडले नाहीत. व्हीएलसी प्लेअर पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये प्रोजेक्ट म्हणून सुरू केला, आजही त्यात एक जाहिरात नाही. फोटो सुधारायची फोटोपी ही साइट चालते जाहिरातींवर. त्या बाजूला दिसतात, लपवलेल्या नाहीत. पासवर्ड सांभाळणाऱ्या बिटवॉर्डनचा खर्च पैसे भरणारी गिऱ्हाइकं उचलतात, आपण फुकटवाले त्यांच्या पंगतीला बसतो. फायरफॉक्स या ब्राउझरला बहुतेक पैसा गूगलकडून येतो, सर्चची जागा गूगलला दिल्याबद्दल. ते मला फारसं आवडत नाही, पण ते उघड आहे. आणि सरकारी साइटचं बिल? ते आपण करातून आधीच भरलंय. ज्या ॲपचं बिल कोण भरतं याचा पत्ताच लागत नाही, ते मी घालत नाही. नेटवरची ओळख लपवून देणारे फुकटचे व्हीपीएन आणि ‘फोन क्लीनर’ यातच येतात.

पीडीएफ आणि फोटोचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरणारी पोरं येतात. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. मोबाइलमधला फोटो असतो चार एमबीचा. मग पोरगं ‘फोटो रिसाइज’ असं शोधतं, पहिली दिसेल ती साइट उघडतं आणि तिथे फोटो, सही, आधार, मार्कशीट सगळं चढवून मोकळं होतं. हे खरंच करू नये. तुमची फाइल कोणाच्या तरी सर्व्हरवर जाते. ती तासाभरात पुसतो असं साइट म्हणते, पण ते आपण बघायला जात नाही.

मी त्या पोरांना स्क्वूश ही साइट दाखवतो. गूगलच्या क्रोमवाल्यांनी बनवलेलं, फुकट, लॉगिन नाही. पान पूर्ण उघडलं की मी भिंतीवरची राउटरची पिन काढतो. खरोखर काढतो, पोराच्या डोळ्यांदेखत. मग फोटो त्यात टाकतो, मधली उभी पट्टी सरकवली की एका बाजूला मूळ फोटो आणि दुसऱ्या बाजूला लहान केलेला. क्वालिटी कमी करत आणायची. खालचा आकडा ४८ केबीवर आला की सेव्ह, टॅब बंद, आणि मगच पिन परत जागेवर. नेट नसताना काम झालं याचा अर्थ फोटो कॉम्प्युटरबाहेर गेलाच नाही. सगळा हिशेब ब्राउझरनेच केला. फोटोपीचंही तसंच. आंब्याच्या पेट्यांची लेबलं मी त्यातच करतो आणि बागायतदाराचा लोगो आपल्याच मशीनवर राहतो. आणि नेट काढल्यावर जी साइट गोल गोल फिरत बसते, तिला तुमची फाइल हवी आहे हे समजून घ्या.

पीडीएफ जोडायच्या असतील तर पीडीएफ २४ चा विंडोजसाठीचा प्रोग्रॅम एकदा उतरवून ठेवा. तो फुकट आहे आणि मशीनवरच काम करतो. जाहिरातीचं पत्रक, जत्रेचा कार्यक्रम असलं काही ऑनलाइन जोडलं तर बिघडत नाही. आधार आणि पासबुक नको. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट मिळतं. बहुतेक ठिकाणी तेवढ्याने भागतं, आणि ते मागणारे मात्र महिन्यात दोनच.

‘मराठी टायपिंगला विकतचंच लागतं’ हे वाचून मला हसू आलं, कारण माझा अनुभव नेमका उलटा. जुन्या विकतच्या फॉन्टांत पडद्यावर ‘क’ दिसायचा, पण फाइलच्या पोटात साठायचं भलतंच इंग्रजी अक्षर. तो फॉन्ट दुसऱ्या मशीनवर नसला की देवीच्या जत्रेची पत्रिका उघडल्यावर नुसता चिवडा. माझ्याकडे अशा जुन्या सीडींचा एक डबा पडून आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे आणि त्याला कोणाचं लायसन लागत नाही. मराठी अक्षरांचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये वर्षानुवर्षं येतो. ज्यांना इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी विंडोज १० मध्ये २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची, विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा, झालं.

फुकटवाल्यांना ‘ऱ्य’ येत नाही, हे त्याच मेसेजमधलं पोटवाक्य. एका मंडळाच्या खर्चाच्या यादीत ‘आचार्यांना मानधन’ असं छापलं गेलं होतं तेव्हा वाडीत चार दिवस हशा होता. पैसे जेवण रांधणाऱ्या आचाऱ्यांना द्यायचे होते. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, बोटाचा आहे. इनस्क्रिप्टमध्ये नुसतं इंग्रजी ‘J’चं बटण दाबलं की ‘र’, शिफ्ट धरून ‘J’ दाबलं की ‘ऱ’. त्यापुढे ‘D’चं बटण म्हणजे हलन्त, मग य. आचारी आपल्या जागी, आचार्य आपल्या जागी. छपाईला देखणे फॉन्टही फुकट आहेत: ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्यांचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, किंवा तिरो देवनागरी मराठी. गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या निम्म्या लग्नपत्रिका मुक्तमध्ये आहेत आणि अजून एकाही वधूपित्याने फॉन्टची किंमत विचारलेली नाही.

कचेरीत फाइल घेत नाहीत, हा मुद्दा लवकर निकालात काढतो. लिब्रेऑफिस हे फुकटचं ऑफिस २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालं. त्याचे मेनू मराठीत करता येतात आणि ते वर्डच्या फाइल उघडतं, वर्डच्याच रूपात सेव्हही करतं. त्याचा स्वतःचा फाइलचा साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि केंद्र सरकारने २०१५ मध्ये स्वतःच्या कारभारासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण जाहीर केलंय. अडचण येते ती दोन ठिकाणी. समोरच्याकडे फॉन्ट वेगळा असला की ओळी सरकतात. म्हणून अर्ज पीडीएफ करून द्यावा. आणि एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो, म्हणजे कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम, लिहून ठेवले असतील तर ते नीट चालतीलच असं नाही. सोसायटीच्या अकाउंटंटला मी लिब्रेऑफिस घे म्हणून सांगत नाही.

सातबाऱ्याचं काकांना समजावलं ते असं. महाभूमी या सरकारी साइटवर सातबारा दोन तऱ्हांनी मिळतो. फुकटचा जो आहे तो फक्त बघण्यासाठी. कायदेशीर कामाला चालणार नाही असं तिथेच लिहिलेलं असतं. मेसेजवाल्याने बहुधा एवढंच वाचलं. दुसरा डिजिटल सहीचा, पंधरा रुपयांचा. त्याला तलाठ्याची सही-शिक्का लागत नाही, आणि त्यावरचा क्रमांक साइटवर टाकून कोणीही तो पडताळून बघू शकतो. पण रद्दी म्हटलेल्या त्या फुकटच्या कागदाचा उपयोग आपल्याकडे फार मोठा आहे. कोकणात एकेका सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग असते, निम्मे मुंबईला, काही वारलेले. काकांच्या उताऱ्यावर तेवीस नावं निघाली. चुलत्याचं नाव अजून आहे की वारसांची लागली, एवढं बघायला कशाला कोणाच्या पायऱ्या झिजवायच्या? फुकटचा बघा, नोंद बरोबर असेल तर पंधरा रुपये भरा. मात्र ‘सातबारा’ नावाची ॲप भरमसाट आहेत. साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, ते नीट वाचायचं.

हवामानाचं मी तांडेलांवर सोडतो, ते माझ्यापेक्षा जास्त जाणतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मासळी कुठे मिळण्याचा संभव आहे त्याची माहिती आणि उंच लाटांचे इशारे फुकट देते. विंडी या हवामानाच्या साइटवर दिसणारे वाऱ्याचे रंग युरोपच्या आणि अमेरिकेच्या हवामान केंद्रांच्या गणितातून येतात, कोणाच्या डोक्यातून नाही. अंदाज चुकतो, ते वेगळं. होडी बाहेर काढायची की नाही, ते हवामान खात्याच्या इशाऱ्यावर ठरवायचं, रंगांवर नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनकडे धडकलं त्याच्या आधीच इशारे आले होते, आणि ते वाचायला कोणाला दमडी पडली नव्हती.

कुलपाचा मुद्दा मात्र घातक आहे, कारण तो खोटा धीर देतो. कुलूप म्हणजे तुमच्या आणि साइटच्या मधली वाट बंदिस्त आहे, वाटेत कोणी वाचू शकत नाही. वाटेच्या टोकाला चोर बसलेला असला तर कुलूप काय करणार? शिवाय ते कुलूप आज लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून कोणालाही मिळतं, तेही फुकट. लोकांचा हाच घोळ होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढूनच टाकलं. मेसेज तेवढा जुना असावा.

आता तो ७९९ चा पेन ड्राइव्ह. २०१९ च्या उन्हाळ्यात माझ्या दुकानातल्या मशीनवर असंच ‘ओरिजिनल’ सॉफ्टवेअर होतं, जोडून देणाऱ्यानेच घालून दिलेलं. एका सकाळी बघतो तर प्रत्येक फाइलच्या नावाला वेगळंच शेपूट आणि डॉलरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. फोटो, लेबलं, पत्रिका सगळं कुलूपबंद. हा स्टॉप नावाचा व्हायरस होता, तो मुख्यतः अशा चोरीच्या सॉफ्टवेअरमधूनच पसरायचा. पैसे भरले नाहीत. हार्ड डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली. ऑक्टोबरमध्ये एम्सिसॉफ्ट या अँटिव्हायरसवाल्या कंपनीने त्यावर उतारा काढला. फुकट! अट एवढीच की दर प्रकारच्या फाइलसाठी एक बिघडलेली आणि तिचीच एक मूळ प्रत द्यायची. जामसंड्याच्या एका बागायतदाराला मेलवर पाठवलेलं लेबल ‘सेंट’मध्ये सापडलं, त्यावरून जेपीजी सुटले. पीडीएफचीही जोडी मिळाली. पेजमेकरच्या फाइलींची मूळ प्रत कुठेच नव्हती. अकरा वर्षांच्या पत्रिका गेल्या त्या गेल्याच.

त्यामुळे परवा एका ओळखीच्याने तो ७९९ चा पेन ड्राइव्ह “जरा बघ रे” म्हणून आणून दिला, तेव्हा तो लिनक्स टाकलेल्या जुन्या लॅपटॉपवरच लावला. आत फोटोशॉप, ऑफिस, टायपिंगचे तीन पॅक, आणि प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये एक ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीचं सॉफ्टवेअर चालू करून देणारा प्रोग्रॅम. त्यातला एक व्हायरसटोटलवर चढवला. ही साइट एक फाइल सत्तरेक अँटिव्हायरसांकडून तपासून देते, तीही फुकट. (तिथे चढवलेली फाइल तपासनिसांना बघता येते, तेव्हा खाजगी कागद तिथे टाकू नका.) निम्म्याहून जास्त ओळी लाल आल्या. मी त्याला स्क्रीन दाखवली. तो म्हणाला, “अरे, पण ह्यात मराठीत माहिती पण लिवलेली हा.”

लिहिलेली होती खरी. प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल, आणि तिची पहिली ओळ: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा.’