नियम वाचायचा नाही, पंचाला शिव्या मात्र द्यायच्या

सामना संपल्याची शिट्टी वाजते न वाजते तोच फुटबॉल बाजूला पडतो आणि पंचाच्या नावाने शिमगा सुरू होतो, हा प्रकार आता असह्य झाला आहे. दोन संघ नव्वद मिनिटे जिवाच्या आकांताने खेळलेले असतात, एखाद्या मिडफिल्डरने सामन्याचा नूर पालटलेला असतो, एखाद्या प्रशिक्षकाने चुकीच्या वेळी चुकीचा खेळाडू उतरवून हातचा सामना घालवलेला असतो. यातले काहीही कोणाच्या तोंडी येत नाही. रात्री उशिरापर्यंत हमरीतुमरी चालते ती एकाच गोष्टीवर, ती पेनल्टी होती की नव्हती यावर. जो तो निकाल आधीच लावून आलेला असतो आणि त्याला शोभतील असे पुरावे मागाहून गोळा करत बसतो.

पंचांच्या निर्णयावर बोलूच नये, असे माझे म्हणणे नाही. पंच चुकतात, आणि कधीकधी अक्षम्य चुकतात. १९८६ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने हाताने मारलेला गोल ग्राह्य धरला गेला, ही चूकच होती. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या दांड्याला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला, आणि तो गोल दिला गेला नाही, हीसुद्धा धडधडीत चूक होती. त्यावरच्या ओरडीला काही अर्थ होता, कारण तिच्यामागे ‘पूर्ण चेंडूने पूर्ण रेषा ओलांडली की गोल’ हा साधा, सर्वांना ठाऊक असलेला नियम होता. गोलरेषा तंत्रज्ञानाला २०१२ मध्ये मान्यता मिळाली त्यामागे त्या प्रकरणाचा मोठा वाटा आहे. माझे डोके फिरते ते ज्याला नियम माहीत नाही, माहीत करून घ्यायचा नाही आणि तरीही आवाज सर्वांत मोठा करायचा आहे, अशा माणसाशी बोलताना.

हँडबॉलचेच, म्हणजे चेंडू हाताला लागण्याच्या गुन्ह्याचेच घ्या. कोणीतरी एक थांबवलेले चित्र पाठवतो. त्यात बचावपटूच्या कोपराभोवती लाल वर्तुळ काढलेले असते, चेंडू त्या कोपराला टेकलेला दिसतो आणि खाली चार उद्गारचिन्हे. चेंडू किती वेगाने आला, किती अंतरावरून आला, बचावपटू त्या क्षणी वळत होता की उडी मारून खाली येत होता, हे त्या चित्रात नसते. असणे शक्यही नाही. ‘हाताला लागला ना? मग पेनल्टी!’ एवढ्यावर खटला संपतो. वास्तविक फुटबॉलच्या बाराव्या नियमात स्वच्छ लिहिलेले आहे की चेंडू हाताला लागला म्हणजे प्रत्येक वेळी गुन्हा होत नाही. हात मुद्दाम चेंडूकडे नेला का, किंवा हाताची ती स्थिती त्या वेळच्या शरीराच्या हालचालीने समजण्यासारखी होती की खेळाडूने शरीराचा आकार अनैसर्गिकरीत्या वाढवला होता, हे पंचाने ठरवायचे असते. एवढेच नव्हे, हात कुठून सुरू होतो हेही नियमात दिलेले आहे: काखेच्या तळाच्या रेषेपर्यंतचा वरचा भाग खांद्यात धरला जातो. आमचे विद्वान मात्र खांद्याला लागलेल्या चेंडूवरही पेनल्टी मागतात आणि ती मिळाली नाही की पंच आंधळा ठरतो.

त्यावर कडी म्हणजे स्लो मोशन. एकच क्षण इतका संथ करून पुन्हा पुन्हा दाखवला जातो की कोणत्याही खेळाडूला हात मागे घ्यायला भरपूर अवकाश होता असे वाटू लागते. व्हीएआरच्या, म्हणजे चित्रण तपासून मैदानावरच्या पंचाला मदत करणाऱ्या पंचांच्या, कार्यपद्धतीतच सांगितलेले आहे की संथ चित्रण वस्तुस्थितीपुरते वापरावे, म्हणजे स्पर्श नेमका कुठे झाला, खेळाडू कुठे होता, चेंडू बाहेर गेला होता का, यासाठी. धक्क्याची तीव्रता किंवा हँडबॉल हा गुन्हा आहे की नाही हे ठरवताना मात्र नेहमीच्या वेगातले चित्रण पाहावे. पंचांवर हे बंधन आहे. सोफ्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांवर ते कोण घालणार?

आणि थांबवलेले चित्र किती फसवते हे तरी या मंडळींनी एकदा लक्षात घ्यायला हवे होते. २०२२ च्या विश्वचषकात जपानच्या मितोमाने गोलरेषेवरून मागे ओढलेल्या चेंडूवर तनाकाने स्पेनविरुद्ध गोल केला, जपानने तो सामना २-१ असा जिंकला आणि त्या निकालाने जर्मनी स्पर्धेबाहेर गेला. बाजूने घेतलेल्या चित्रांत चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये हिरवे गवत स्पष्ट दिसत होते, म्हणून जगभर बोंबाबोंब झाली. वरून पाहिल्यावर मात्र चेंडूच्या गोलाईचा काठ रेषेच्या पट्ट्यावर येत होता, आणि चेंडू पूर्ण बाहेर गेला नसेल तर तो खेळातच असतो. कॅमेरा कोणत्या कोनात आहे यावर चित्राचा अर्थ बदलतो, ही शाळकरी भूमितीची गोष्ट आहे. पण स्वतःचा संघ हरलेला असला की भूमितीही विकली गेलेली असते.

सर्वांत संतापजनक आहे तो ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ हा न्याय. २०२४ च्या युरो स्पर्धेत २९ जूनला डेन्मार्कच्या अँडरसनचा गोल सहकाऱ्याच्या बोटभर ऑफसाइडसाठी (बचावफळीच्या पुढे असण्यासाठी) रद्द झाला, आणि काही मिनिटांतच त्याच अँडरसनच्या हाताला चेंडू ओझरता लागला म्हणून जर्मनीला पेनल्टी मिळाली. चेंडूतल्या सेन्सरचा आलेख पडद्यावर झळकला, तेव्हा जर्मनीच्या समर्थकांना तंत्रज्ञान, नियम आणि पंच हे सगळेच निर्दोष वाटत होते. ५ जुलैला स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला चेंडू लागला, पंच अँथनी टेलर यांनी पेनल्टी दिली नाही, जर्मनी जादा वेळेत हरला आणि तेच लोक न्यायाच्या नावाने टाहो फोडू लागले. पुढे युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघाच्या पंचसमितीनेही ती पेनल्टी द्यायला हवी होती असे मत दिले. म्हणजे त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे मी मान्य करतो. पण त्यानंतरच्या सामन्यांत प्रत्येक वेळी पायाशी चेंडू आला की त्या कुकुरेयाची हुर्यो उडवायची, हे कोणत्या नियमात बसते? त्याने तर शिट्टी वाजवली नव्हती.

चिडायचेच असेल तर चिडण्यासारख्या जागा थोड्या नाहीत. हँडबॉलचा नियम २०१९ मध्ये नव्याने लिहिला, २०२१ मध्ये पुन्हा बदलला, आणि दर हंगामात पंचांना मिळणाऱ्या सूचना आणखी निराळ्याच. व्हीएआरने फक्त उघड आणि निःसंशय चुकीतच हस्तक्षेप करायचा असल्यामुळे एकसारख्या दोन घटनांना दोन मैदानांवर दोन वेगळे निकाल लागू शकतात, आणि ते दोन्ही नियमात बसतात. ही व्यवस्था मलाही चीड आणते. आय. एफ. ए. बी. या नियम ठरवणाऱ्या मंडळाला धारेवर धरा, मी तुमच्यासोबत आहे. पण इतके खोलात कोण जाणार! त्यापेक्षा ‘पैसे खाल्ले’ हे दोन शब्द सोपे पडतात.

या पैसे खाण्याच्या आरोपाचा तर मला उबग आला आहे. ३० सप्टेंबर २०२३ रोजी टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा वैध गोल ऑफसाइड ठरवला गेला. व्हीएआर कक्षातल्या पंचांनी मैदानावर गोल दिलेला आहे असे समजून ‘तपासणी पूर्ण’ असे कळवले. खेळ सुरू झाल्यावर घोटाळा ध्यानात आला, पण एकदा खेळ सुरू झाला की त्या निर्णयाकडे परत जाता येत नाही. पंचांच्या संघटनेने चूक कबूल केली आणि त्यांच्यातल्या संभाषणाची ध्वनिफीतही खुली केली. तिच्यात ऐकू येते ती घाई, गोंधळ आणि चूक कळल्यावर उडालेली गाळण, म्हणजे कोणत्याही कामाच्या ठिकाणी घडतो तसला ढिसाळपणा. तो निषेधार्ह आहेच. पण ती फीत ऐकूनही ज्याला त्यात कारस्थानच सापडते, त्याच्यापुढे कोणी काय बोलावे?

आणि हे सगळे तोंडाच्या वाफेवर संपत असते तरी चालले असते. २००५ मध्ये बार्सिलोना-चेल्सी सामन्यात चेल्सीच्या ड्रॉग्बाला लाल कार्ड दाखवून बाहेर काढल्यानंतर स्वीडनचे पंच अँडर्स फ्रिस्क यांना आणि त्यांच्या कुटुंबाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि त्या माणसाने पंचगिरीच सोडून दिली. एका लाल कार्डापायी! तरी आजही एखाद्या निर्णयानंतर तासाभरात पंचाचे घर, त्याची मुले, त्याचे धर्म-देश सगळे उकरून काढले जाते, आणि ते करणारे लोक स्वतःला खेळाचे खरे प्रेमी म्हणवतात.

परवाच्या सामन्यानंतरही हाच तमाशा झाला. शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीवरून एकाने पंचाची सात पिढ्यांपर्यंत हजेरी घेतल्यावर मी शांतपणे विचारले की नियमाच्या कोणत्या कलमाचा भंग झाला, तेवढे सांग. उत्तर तत्काळ आले: ‘तू त्यांच्याच संघाचा आहेस, हे मला आधीपासून माहीत होते.’