जर्मिन स्ट्रीटचे नाव आणि चार महिन्यांत फुगलेली कॉलर

गेल्या शनिवारी इस्त्री करताना माझ्या निळ्या पॉपलिनच्या शर्टाची कॉलर पुन्हा फुगली. उजव्या टोकाजवळ बोटाच्या पेराएवढ्या जागेत कापड आतल्या बक्रमापासून, म्हणजे कॉलर ताठ ठेवणाऱ्या कापडापासून, सुटले आहे. इस्त्री दाबली की ते बसते आणि गार झाले की परत फोडासारखे वर येते. शर्ट घेऊन जेमतेम चार महिने झाले आहेत. लंडनमधल्या आमच्या कार्यालयात रोज औपचारिक शर्ट लागतो, म्हणून एका नावाजलेल्या दुकानातून मी एकदम चार घेतले होते. एकाची छापील किंमत ९० पौंड, पण चार घेतल्यास मिळून १६० पौंड. ती ९० पौंडांची किंमत खोडल्याशिवाय मी त्या दुकानात कधी पाहिलेली नाही. जी किंमत कोणीच देत नाही ती शर्टावर छापायची आणि गिऱ्हाइकाला शर्टामागे पन्नास पौंड वाचल्याचे समाधान विकायचे, ही उघड फसवणूक आहे.

दुकानात शर्ट नेला, तर तिथल्या माणसाने कॉलर धड हातातही घेतली नाही. तुम्ही गरम पाण्यात धुतला असेल, असे तो म्हणाला. शर्टाच्या आतल्या चिठ्ठीवर ४० अंश लिहिले आहे आणि मी ३० अंशांवर धुतो, हे सांगितल्यावर त्याने ड्रायरचे कारण पुढे केले. माझ्या घरी ड्रायर नाही. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष मुळातच होता असे धरले जाते आणि तो नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचे असते. हे मी शांतपणे सांगितले, तेव्हा मला मुख्य कार्यालयाला लिहायला सांगण्यात आले. लिहून तीन आठवडे झाले.

दोष कुठे आहे हे समजायला कारागीर असावे लागत नाही. कॉलरच्या आतले बक्रम शिवून बसवता येते किंवा उष्णतेने चिकटवता येते. चिकटवणे मुळात वाईट नाही. नीट चिकटवलेली कॉलर वर्षानुवर्षे टिकते. पण वरचे सुती कापड आणि आतले बक्रम धुण्यात सारखे आटणार नसतील, किंवा घाईत कमी दाबाने चिकटवले असेल, तर चार-सहा धुण्यांत दोन्ही एकमेकांना सोडतात. पुण्यात आमच्या घरचे शिंपी साधे सुती कापडसुद्धा आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच कात्री लावायचे आणि शिलाईच्या आत जास्तीचे कापड ठेवायचे, म्हणजे पुढे अंग भरले तर उसवून वाढवता येईल. इथे शंभर वर्षांचा वारसा सांगणाऱ्या दुकानाला तेवढीही काळजी घ्यावीशी वाटत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

खरा वारसा कसा असतो हे ठाऊक आहे, म्हणून तर राग जास्त येतो. सहा वर्षांपूर्वी, शर्टांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असलेल्या लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवरच्या एका जुन्या घराण्याच्या सेलमध्ये मी एकच शर्ट घेतला होता, तोही बराच विचार करून. तो आणि हा नवा शेजारी ठेवून मी भिंगाखाली टाके मोजले: जुन्यात एका इंचात १९, नव्यात १२. जुन्याची खांद्यावरची पट्टी दोन तुकड्यांची, मधोमध जोडलेली आहे, त्यामुळे तिथल्या रेघा दोन्ही खांद्यांवर सारख्या उतरतात. बटणे शिंपल्याची, कॉलरच्या टोकांतल्या काड्या पितळेच्या. नव्यातली बटणे प्लॅस्टिकची, काड्या प्लॅस्टिकच्या, आणि बाहीच्या शिवणीला पहिल्याच धुण्यात चुण्या पडल्या. त्यावर ‘इस्त्री नको’ असा मोठा शिक्का आहे. ते साधण्यासाठी कापसावर रेझिनची प्रक्रिया करतात, तिने धागा कमकुवत होतो आणि घाम कमी शोषतो. हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. धाग्याची बारीकी सांगणारा ‘१००’ असा आकडा असतो, पण धागा एकेरी आहे की दोन पिळून केलेला, ज्यावर बराचसा टिकाऊपणा अवलंबून आहे, ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारले तर विकणाऱ्याला माहीत नसते.

आज जर्मिन स्ट्रीट हे नाव कोणीही शर्टावर छापतो. १८८५ साली सुरू झालेले तिथले दुकान टर्नबुल अँड ॲसर आजही इंग्लंडमधल्याच ग्लॉस्टरमध्ये शर्ट शिवते आणि त्याचा शर्ट दोनशे पौंडांच्या पुढे जातो. ती किंमत मला परवडत नाही, पण ती समजते. थॉमस मेसन हे शर्टाच्या कापडातले १७९६ पासूनचे इंग्लंडच्या लँकेशरचे नाव १९९२ मध्ये इटलीच्या अल्बिनी या कापड कंपनीने घेतले. कापड उत्तम आहे, तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी की जुन्या सालाच्या आणि पाटीच्या आधाराने जे विकले जाते त्याचे कापड कुठले, शिवण कुठली, हे गिऱ्हाइकाने शिवणी चाचपत शोधायचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून वेगळे वर्णन मला सुचत नाही.

सूट शिवायला गेलो तरी शब्दांची हीच लूट आहे. ‘बिस्पोक’ म्हणजे अंगाचे माप घेऊन गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र कागदी आराखडा काढणे, कच्च्या टाक्यांवर ट्रायल देणे आणि मग हाताने शिवणे. सॅव्हिल रो या लंडनमधल्या सूट शिवणाऱ्यांच्या रस्त्यावरच्या बिस्पोक संघटनेने त्यासाठी किमान ५० तासांच्या हातकामाची अट घातली आहे. पण २००८ साली ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने यंत्राने कापलेल्या, मापावरच्या सूटलाही हा शब्द लावू दिला, आणि तेव्हापासून कोणीही ठरावीक आराखड्याची बाही अर्धा इंच कमी करतो आणि बिस्पोकचे पैसे मागतो. ज्या कारागिरांनी खुर्चीवर वाकून डोळे घालवले त्यांच्या शब्दावर हा डल्ला आहे. मी एकदा दीडशे पौंड आगाऊ देऊन बसलो आणि ट्रायल कधी म्हणून विचारले, तर ट्रायल नसते, सूट थेट पोस्टाने येतो, असे उत्तर मिळाले.

जुन्या शर्टाची कॉलर मागच्या वर्षी विरली, तेव्हा त्याच घराण्याने नवी बसवून दिली. नव्या चारांपैकी आज सकाळी पांढऱ्याच्या डाव्या कफावरही तसाच फोड आला आहे.