चवीपुरते मीठ

ज्याने पाच वर्षे सुप्रामॉलिक्युलर पॉलिमरच्या द्रावणांवर प्रबंध लिहिला, त्याला भांडी घासायचे लिक्विड जमू नये, ही गोष्ट आमच्या आईच्या बचत गटाला अजून पटलेली नाही. नागपूरच्या मे महिन्यात, सुट्टीवर आलेला मुलगा कूलरसमोर लोळतो हे न पाहवून आईने मला वीस लिटर मालाच्या कामावर नेमले आणि ‘याने यातच पीएच.डी. केली आहे’ असे चारचौघींत सांगून माझे परतीचे दोर कापून टाकले.

आईचे म्हणणे तसे खोटे नव्हते. नेहमीच्या पॉलिमरमधली, म्हणजे रेणूंच्या लांब साखळीतली, एकके जन्माची जोडलेली असतात. माझ्या पॉलिमरमधली नुसती हात धरून उभी असतात, सुटतात, पुन्हा दुसऱ्याच कोणाचा तरी हात धरतात. 1997 साली नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचे रसायनशास्त्रज्ञ मायर यांच्या गटाने चार हायड्रोजन बंधांच्या, म्हणजे सुटू शकणाऱ्या नाजूक बंधांच्या, जोरावर अशी साखळी उभी केली होती. साबणाचे रेणूही त्याच जातीचे. ते पाण्यात आपले आपण जमून गोळे करतात, आणि मीठ पडले की त्यांच्यातली आपसांतली ढकलाढकल कमी होऊन त्या गोळ्यांचे लांबच लांब दोरे होतात. दोरे एकमेकांत गुंतले की पातळ पाण्याचे दाट लिक्विड होते.

पहिली चूक मिठाच्याही आधी झाली. सत्तर टक्क्यांची साबणाची पेस्ट पिंपात काढून मी तिच्यावर पाणी ओतले. सत्तर टक्क्यांना रेणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून पेस्ट ओतता तरी येते. पाणी वाढून ती पन्नासच्या घरात आली की थरांच्या कांड्या होऊन मोळीसारख्या शिस्तीत रचल्या जातात आणि सारा ऐवज घट्ट बसतो. पिठल्याला लाजवतील अशा गाठी झाल्या आणि रवी पिंपात आधाराशिवाय उभी राहिली. “पाण्यात पेस्ट घालतात रे, पेस्टमध्ये पाणी नाही,” गटाच्या अध्यक्ष काकू म्हणाल्या. किती पाण्याला मिश्रण कोणते रूप घेते हे दाखवणारी प्रावस्था-आकृती त्यांनी कधी पाहिलेली नाही. गाठी विरघळायला रात्र गेली.

सकाळी मीठ. प्रयोगशाळेत मी मिलिग्रॅमचे अंश मोजत असे. येथे मापन मुठीचे होते. अर्धा किलोला काही झाले नाही, एक किलोला मात्र लिक्विड मधासारखे झाले. घुसळणे थांबवले की आतले बुडबुडे थबकून किंचित मागे येत, कारण ताणलेल्या दोऱ्यांना आपली मूळ ठेवण आठवत असते. भौतिकशास्त्रज्ञ केट्स यांनी 1987 साली या ‘जिवंत’ साखळ्यांचे गणित मांडले. साखळी गुंत्यातून सापासारखी सरपटत सुटतेच, शिवाय मध्येच तुटून लवकर मोकळी होते. हे सर्व मी काकूंना सांगितले आणि बोलण्याच्या भरात आणखी अर्धा किलो मीठ टाकले.

माझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात एक आलेख आहे. मीठ वाढते तसा दाटपणा टेकडीसारखा चढतो आणि शिखरानंतर कोसळतो, कारण दोऱ्यांना फाटे फुटून जाळे होते आणि त्या जाळ्यातले सांधे दोऱ्यांवरून सहज सरकतात. तो आलेख मी स्वतः काढला आहे. त्याच्या शिखरावर उभा राहून मी पुढे पाऊल टाकले आणि पिंपात पाणी झाले.

आमटी खारट झाली तर बटाटा टाकता येतो. येथे पाणी वाढवले तर साबण कमी पडे, साबण वाढवला तर मीठ कमी पडे आणि मीठ म्हटले की काकू माझा हात धरत. रात्री नऊ वाजता लिक्विड पुन्हा मनासारखे दाट झाले, तेव्हा ते सेहेचाळीस लिटर होते आणि घरातली कळशी, दोन बादल्या व पाहुण्यांसाठी ठेवलेला स्टीलचा डबा भरला होता.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाटल्या वाटल्या गेल्या आणि तासाभरात परत आल्या. उष्णतेने दोरे आखूड होतात, हेही प्रबंधात आहे. बायका पाणी विकल्याचा आरोप करत असताना मी बाटल्या कूलरसमोर मांडल्या, आणि संध्याकाळपर्यंत त्या एकेक करून दाट झाल्या. काकूंनी एक बाटली उलटी करून थेंब लोंबू दिला, समाधानाने मान डोलावली आणि विचारले, “मग आता भाव दुपारचा लावायचा की रात्रीचा?”